नेहमीची औषधे आणि स्मृतिभ्रंशाचा धोका : पुरावा कसा वाचावा?

(आरोग्य अर्थशास्त्रावरील व्याख्यानमालेत पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



औषधांविषयी बोलण्याचा अधिकार वैद्यकाचा आहे. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने त्या प्रांतात का शिरावे, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. कोणती गोळी घ्यावी आणि कोणती टाळावी हे सांगण्यासाठी मी येथे उभा नाही. माझा विषय थोडा निराळा आहे. ‘अमुक औषध घेणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण दीडपट आढळले’ अशी बातमी अधूनमधून वृत्तपत्रांत झळकते. त्या एका वाक्यावरून घाबरावे किती, विश्वास ठेवावा किती आणि शासनाने धोरण आखावे ते कोणत्या आधारावर, हे प्रश्न पुराव्याचे आहेत, प्रोत्साहनांचे आहेत आणि खर्चाचे आहेत. म्हणजेच ते आपल्या विषयाचेही आहेत.

प्रथम प्रश्नाचा आकार पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षे व त्यावरील व्यक्तींची संख्या १०.३८ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी आणि मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांच्या २०२३ च्या अहवालाने २०२२ मधील संख्या १४.९ कोटी मानली असून २०५० पर्यंत ती ३४.७ कोटींवर, म्हणजे लोकसंख्येच्या २०.८ टक्क्यांवर जाईल असा अंदाज दिला आहे. याच मुंबईच्या संस्थेच्या समन्वयाने झालेल्या ‘लासी’ या वृद्धत्वविषयक सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत (२०१७-१८) ४५ वर्षे व त्यावरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची पाहणी झाली. त्याला जोडून स्मृतिभ्रंशाचा स्वतंत्र अभ्यास करण्यात आला. त्यावर आधारित २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार ६० वर्षांवरील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागांत हे प्रमाण अधिक आहे. परीक्षेसाठी आपण हे आकडे पाठ कराल, ते करावेतच. पण या ८८ लाखांपैकी प्रत्येकामागे घरातले एक माणूस, बहुधा सून, मुलगी किंवा पत्नी, दिवसाचे कित्येक तास अडकलेले असते आणि तिच्या श्रमांची नोंद सकल राष्ट्रीय उत्पन्नात होत नाही. आपल्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये व पुन्हा २०२४ मध्ये देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षण केले, त्यामुळे हा खर्च निदान तासांत तरी मोजता येऊ लागला आहे.

स्मृतिभ्रंश हा एकच रोग नव्हे. अल्झायमर हे त्याचे सर्वांत मोठे कारण. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार हे दुसरे. म्हातारपणी थोडे विसरणे निराळे आणि चहा कसा करायचा, घरी परत कसे यायचे हे हरवणे निराळे. एवढा फरक ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

धोतरा आणि औषधाची पट्टी

ग्रामीण भागातून आलेल्या विद्यार्थ्यांना धोतऱ्याचे झुडूप माहीत असेल. त्याचे बी पोटात गेले की तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात, लघवी अडते आणि माणूस असंबद्ध बरळू लागतो. वाटसरूंना धोतरा खाऊ घालून लुटण्याच्या कथा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. या झाडातील अ‍ॅट्रोपिन, स्कोपोलामिन आदी द्रव्ये अ‍ॅसिटिलकोलिन या रासायनिक दूताचा मार्ग अडवतात. चेतातंतू एकमेकांशी रसायनांद्वारे बोलतात हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावरील प्रयोगाने दाखविले. तो दूत अ‍ॅसिटिलकोलिनच होता आणि त्याबद्दल लोवी व हेन्री डेल यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. स्मृती व अवधान यांसाठी मेंदूला याच दूताची गरज असते आणि अल्झायमरमध्ये नेमकी त्याचीच टंचाई होते.

आता घरातील औषधांचा डबा उघडा. सर्दीच्या गोळीतील क्लोरफेनिरामिन, खाजेवरील हायड्रॉक्सिझिन, पोटात मुरडा आल्यावर घेतले जाणारे डायसायक्लोमिन, मज्जातंतूंच्या दुखण्यावर किंवा नैराश्यावर दिले जाणारे अ‍ॅमिट्रिप्टिलिन, वारंवार लघवीच्या तक्रारीवरील ऑक्सिब्युटिनिन, कंपवातात आणि मनोविकारावरील औषधांसोबत दिले जाणारे ट्रायहेक्सीफेनिडिल. ही औषधे निरनिराळ्या तज्ज्ञांनी, निरनिराळ्या तक्रारींसाठी लिहिलेली असतात. पण सौम्य प्रमाणात का होईना, या सर्वांचा एक परिणाम समान आहे : ती अ‍ॅसिटिलकोलिनला अडवतात. त्यांपैकी तीन एकाच वृद्ध व्यक्तीच्या पिशवीत जमली की त्यांच्या परिणामांची बेरीज होते. वृद्धाला अचानक भ्रम होणे, दिवस-रात्र न कळणे हे अल्पकालीन दुष्परिणाम निर्विवाद आहेत. म्हणूनच अमेरिकेतील वृद्धरोगतज्ज्ञ मार्क बिअर्स यांच्या नावाने ओळखली जाणारी, वृद्धांसाठी अयोग्य औषधांची यादी १९९१ पासून अस्तित्वात आहे. तिची अलीकडची सुधारित आवृत्ती २०२३ ची आहे.

वादाचा प्रश्न दीर्घकालीन आहे. ही औषधे वर्षानुवर्षे घेतल्याने पुढे कायमचा स्मृतिभ्रंश होतो काय?

अमेरिकेतील सिअ‍ॅटल परिसरातील ३,४३४ वृद्धांचा सरासरी ७.३ वर्षे मागोवा घेणारा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा औषधांचे सर्वाधिक एकूण सेवन असलेल्या, म्हणजे ढोबळमानाने तीन वर्षांहून अधिक काळ रोजची मात्रा घेतलेल्या गटात स्मृतिभ्रंशाचा धोका न घेणाऱ्यांच्या तुलनेत ५४ टक्के अधिक आढळला. २०१९ मध्ये ब्रिटनमधील ५८,७६९ रुग्ण आणि त्यांच्याशी जुळणाऱ्या सव्वादोन लाख व्यक्ती यांच्या नोंदींवरून जवळपास तेवढाच, ४९ टक्क्यांचा आकडा निघाला. मात्र त्या अभ्यासातील एक गोष्ट बातम्यांत फारशी आली नाही. धोका सगळ्या औषधांत सारखा नव्हता. नैराश्य, कंपवात, मनोविकार, मूत्राशय आणि अपस्मार यांवरील औषधांत संबंध दिसला. सर्दी-खाजेच्या अँटीहिस्टामिन औषधांत आणि पोटाच्या मुरड्यावरील औषधांत लक्षणीय वाढ दिसली नाही. सर्व औषधांचा दोष समान यंत्रणेत असता, तर असा फरक का पडावा? हा प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्या.

कारण की केवळ साथ?

येथे अर्थमितीचे विद्यार्थी म्हणून आपण सावध झाले पाहिजे. सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतील फरक आपण पहिल्याच सत्रात शिकतो, पण शिकलेले वापरण्याची वेळ अशा ठिकाणी येते. नैराश्य, निद्रानाश, चिंता ही स्वतःच स्मृतिभ्रंशाची पूर्वचिन्हे असू शकतात. मेंदूतील बिघाड निदानाच्या कितीतरी वर्षे आधी सुरू झालेला असतो. त्या काळात माणसाला झोप येत नाही, म्हणून तो झोपेची गोळी घेतो. पुढे स्मृतिभ्रंशाचे निदान होते. आपण नोंदी पाहतो तेव्हा गोळी आधी आणि रोग नंतर दिसतो. प्रत्यक्षात रोग आधी होता आणि गोळी ही त्याची निशाणी होती. छत्र्या उघडल्याने पाऊस पडतो असे म्हणण्यासारखेच हे आहे.

डायझेपाम, अल्प्राझोलाम या बेंझोडायझेपीन वर्गातील झोपेच्या व चिंतेच्या औषधांबाबत हेच घडले. फ्रान्समधील २०१२ च्या अभ्यासात आणि कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील २०१४ च्या अभ्यासात धोका ५० ते ६० टक्क्यांनी वाढलेला दिसला. २०१६ मध्ये सिअ‍ॅटलच्याच नोंदींवरून पुन्हा तपासणी झाली, तेव्हा कमी सेवन करणाऱ्यांत किंचित वाढ दिसली, पण सर्वाधिक सेवन करणाऱ्यांत ती दिसली नाही. विष असते तर मात्रेबरोबर परिणाम वाढायला हवा होता. या औषधांनी वृद्ध पडतात, खुब्याचे हाड मोडते, सवय लागते हे निश्चित असल्याने ती टाळण्यास पुरेशी कारणे आहेत. स्मृतिभ्रंशाची भीती त्यात घालण्याची गरज नाही.

आम्लपित्तावरील ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या औषधांची कहाणी अधिक बोधप्रद आहे. आज आपल्या देशात कोणत्याही औषधाच्या दुकानात, चिठ्ठी असो वा नसो, सहज मागितल्या जाणाऱ्या गोळ्यांत त्यांचा क्रमांक वरचा असेल. २०१६ मध्ये जर्मनीतील आरोग्यविम्याच्या नोंदींतून ७५ वर्षे व त्यावरील ७३,६७९ व्यक्तींचा अभ्यास झाला आणि नियमित सेवन करणाऱ्यांत धोका ४४ टक्के अधिक असल्याचे जाहीर झाले. जगभर खळबळ उडाली. त्यानंतर २०१९ मध्ये १७,५९८ रुग्णांवरील यादृच्छिक चाचणीचा निष्कर्ष आला. त्यात चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निम्म्यांना पँटोप्राझोल आणि निम्म्यांना निष्क्रिय गोळी देऊन सुमारे तीन वर्षे पाहिले होते. स्मृतिभ्रंशात लक्षणीय फरक आढळला नाही; आतड्याचे संसर्ग मात्र थोडे वाढले. तीन वर्षे हा काळ स्मृतिभ्रंशासाठी अपुरा आहे हा आक्षेप रास्त आहे. २०२३ मध्ये एका अमेरिकन अभ्यासाने ४.४ वर्षांहून अधिक सेवन करणाऱ्यांत ३३ टक्के अधिक धोका नोंदविलाही. म्हणजे प्रश्न मिटलेला नाही. पण भारतापुरती एक वाट अधिक ठोस आहे. ही औषधे दीर्घकाळ घेतल्यास जीवनसत्त्व ब-१२ चे शोषण घटते, मधुमेहावरील मेटफॉर्मिननेही ते घटते, आणि शाकाहारी आहारात ते मुळातच कमी असते. ब-१२ च्या अभावाने स्मृती मंदावते आणि ही मंदता वेळीच उपचार केल्यास बऱ्याचदा सुधारते. मधुमेह, आम्लपित्त आणि शाकाहार हे त्रिकूट आपल्या कित्येक घरांत एकत्र नांदते. रक्ताची एक तपासणी तेथे उपयोगी पडते.

निरीक्षणावर विसंबून धोरण आखल्यास काय होते याचे सर्वांत मोठे उदाहरण स्त्रियांच्या संप्रेरक उपचारांचे आहे. रजोनिवृत्तीनंतर हे उपचार घेणाऱ्या स्त्रियांत स्मृतिभ्रंश कमी दिसतो, असे विसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक अभ्यास सांगत होते. या स्त्रिया अधिक शिकलेल्या, अधिक सुस्थितीतील आणि डॉक्टरांकडे नियमित जाणाऱ्या होत्या, याकडे दुर्लक्ष झाले. मग अमेरिकेत ६५ वर्षे व त्यावरील ४,५३२ स्त्रियांवर यादृच्छिक चाचणी झाली. २००३ मध्ये निष्कर्ष आला : इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन घेणाऱ्यांत ४० आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत २१ जणींना संभाव्य स्मृतिभ्रंश. संरक्षण तर नाहीच, धोका दुप्पट! येथे आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. ‘दुप्पट’ हा सापेक्ष धोका. निरपेक्ष भाषेत तो वर्षाला दर १०,००० स्त्रियांमागे २३ अधिक रुग्ण इतका होता. दोन्ही विधाने खरी आहेत. जाहिरातदार आणि बातमीदार त्यांतील सोयीचे निवडतात. धोरणकर्त्याला दोन्ही लागतात.

वेल्समधील वाढदिवस

आता मी ज्या अभ्यासाविषयी अधिक वेळ घेणार आहे, तो औषधाचा नसून लसीचा आहे. पण अर्थशास्त्रज्ञाला त्याचा मोह न पडता तरच नवल. ब्रिटनमधील वेल्सने नागीण या रोगावरील लस देण्याचा कार्यक्रम १ सप्टेंबर २०१३ पासून सुरू केला. पुरवठा मर्यादित असल्याने पात्रतेची रेषा जन्मतारखेवर आखली गेली. २ सप्टेंबर १९३३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेले पात्र. त्याआधी जन्मलेले आयुष्यभरासाठी अपात्र. रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे एका आठवड्याच्या अंतराने जन्मलेल्या माणसांत शिक्षण, उत्पन्न, आहार, स्वभाव यांत काही पद्धतशीर फरक असण्याचे कारण नाही. फरक एकच : अपात्रांपैकी जवळजवळ कोणालाच लस मिळाली नाही आणि पात्रांपैकी सुमारे ४७ टक्क्यांनी ती घेतली. प्रशासनाच्या एका फाइलीने नकळत यादृच्छिक चाचणी घडवून आणली होती.

एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, सात वर्षांच्या काळात लस घेतल्यामुळे स्मृतिभ्रंशाचे नवे निदान ३.५ टक्के बिंदूंनी, म्हणजे सापेक्षतः सुमारे २० टक्क्यांनी घटल्याचा अंदाज निघाला. स्त्रियांत हा परिणाम अधिक होता. आपण अभ्यासक्रमात ‘खंडित समाश्रयण’ म्हणून जी पद्धत शिकतो, तीच ही. विषाणू मेंदूपर्यंत पोहोचून हानी करतो की लसीने रोगप्रतिकारशक्तीत व्यापक बदल होतो, हे जीवशास्त्रज्ञ ठरवतील. नोंदी व्यवस्थित ठेवणाऱ्या शासनाला असे ज्ञान विनामूल्य मिळते, हा भाग आपल्यासाठी महत्त्वाचा. आपल्या देशातही वयाच्या रेषा आखून योजना सुरू होतात. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी ७० वर्षांवरील सर्वांसाठी आयुष्मान भारत योजनेचा वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा लाभ खुला झाला. त्या रेषेच्या दोन्ही बाजूंच्या नोंदी जपल्या, तर उद्याच्या संशोधकाला त्यातून बरेच वाचता येईल.

काही औषधे संरक्षकही असतात, हे सांगितल्याशिवाय चित्र अपुरे राहील. ‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४ च्या अहवालाने बदलता येण्याजोगे १४ घटक गणले असून ते सर्व दूर झाल्यास सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल असे म्हटले आहे. मध्यमवयातील उच्च रक्तदाब आणि घातक कोलेस्टेरॉल हे त्यात आहेत. अमेरिकेत ९,३६१ व्यक्तींवरील चाचणीत रक्तदाब अधिक काटेकोरपणे उतरवल्यावर सौम्य बोधनिक क्षीणता १९ टक्क्यांनी घटली, असे २०१९ मध्ये दिसले. स्मृतिभ्रंशातील घट मात्र निर्णायक ठरली नाही. ती कमतरता चीनच्या ग्रामीण भागाने भरून काढली. तेथील ३२६ गावांतील जवळपास ३४ हजार लोकांवरील चाचणीत गावपातळीवरील वैद्यकांनी मोफत वा स्वस्त औषधे देऊन आणि पाठपुरावा करून रक्तदाब आटोक्यात आणला. चार वर्षांत स्मृतिभ्रंश १५ टक्क्यांनी कमी झाला. हा निष्कर्षही २०२५ चा. मोठी रुग्णालये नव्हेत, तर गावातील प्रशिक्षित माणूस आणि अखंड औषधपुरवठा ही त्याची सामग्री होती. आपल्याकडे २०१७ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतून सुरू झालेला उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम याच धर्तीचा आहे. स्मृतिभ्रंशावरील खर्चाचा विचार करताना त्या उपक्रमाचा लाभ हिशेबात धरला जात नाही, ही माझी तक्रार आहे.

थांबवण्याचे मोल कोणाला?

आता प्रोत्साहनांकडे वळू. केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखविले की वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा नसतो, कारण काय खरेदी करावे हे ग्राहकाला ठाऊक नसते. त्यात आणखी एक भर घालावीशी वाटते. औषध सुरू करण्यात अनेकांचे हित आहे. ते थांबवण्यात कोणाचेच नाही. कंपनीला विक्री, दुकानदाराला नफा, डॉक्टरला शुल्क आणि रुग्णाला ‘काहीतरी केले’ हे समाधान, सारे सुरुवातीशी जोडलेले. जुन्या सात गोळ्यांतील तीन अनावश्यक आहेत हे शोधून काढायला अर्धा तास लागतो आणि त्या अर्ध्या तासाचे मोल आपल्या व्यवस्थेत कोणी देत नाही. आयुष्मान योजनेचा भर रुग्णालयातील भरतीवर आहे. बाह्यरुग्ण म्हणून घ्यावयाची रोजची गोळी आणि तिचा फेरविचार तिच्या कक्षेबाहेर राहतो.

याचे टोकाचे रूप म्हणजे औषधांची साखळी. अल्झायमरवरील डोनेपेझिल अ‍ॅसिटिलकोलिन वाढवते. त्याने काहींना लघवी आवरत नाही. तो नवा आजार समजून ऑक्सिब्युटिनिन दिले जाते, जे अ‍ॅसिटिलकोलिन अडवते. कुटुंब गाडीच्या वेगाचे आणि ब्रेकचे पैसे एकाच वेळी भरत राहते. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात २००५ मध्ये अशा साखळीची पद्धतशीर नोंद झाली. एका क्षेत्रीय पाहणीत औषधांच्या पिशव्या तपासताना एकाच घटकाची दोन व्यापारी नावांची पाकिटे एकाच आजीबाईंकडे मी पाहिली आहेत. दोन गावांतील दोन दवाखान्यांनी ती दिली होती आणि त्या श्रद्धेने दोन्ही घेत होत्या.

कायदा नाही असे नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आणि त्याखालील नियम १९४५ चे. अनुसूची ‘एच’ मधील औषध चिठ्ठीविना विकता येत नाही. मार्च २०१४ पासून अमलात आलेल्या अनुसूची ‘एच-१’ मध्ये अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम यांसारख्या औषधांसाठी दुकानदाराने डॉक्टर व रुग्णाच्या नावासह स्वतंत्र नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपायची आहे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू असून त्याचे समन्वय केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे आहे. १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर कोणीही नागरिक तक्रार नोंदवू शकतो. पण ही यंत्रणा पुरळ, उलटी, मूर्च्छा अशा तत्काळ परिणामांसाठी घडलेली आहे. दहा वर्षांनी उमटणारा परिणाम टिपण्यासाठी एकाच व्यक्तीच्या औषधांची सलग नोंद हवी. ती जर्मनीत विम्याकडे आहे, ब्रिटनमध्ये कुटुंबवैद्याच्या संगणकात आहे. आपल्याकडे ती त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. २०२१ मध्ये देशभर लागू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल अभियानातील आरोग्य खात्यात खासगी दवाखान्याची चिठ्ठी आणि दुकानातील विक्री दोन्ही उतरली, तरच हे चित्र बदलेल.

एक सूचना अत्यावश्यक म्हणून देतो. आज येथून घरी जाऊन आजोबांच्या गोळ्या बंद करू नका. झोपेच्या गोळ्या एकाएकी थांबवल्यास झटके येऊ शकतात. रक्तदाबाची गोळी थांबवल्यास पक्षाघाताचा धोका वाढतो आणि पक्षाघात हे स्वतःच स्मृतिभ्रंशाचे कारण आहे. सर्व गोळ्या, सर्दीच्या आणि पोटाच्या सुद्धा, एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरांपुढे मांडा आणि प्रत्येक गोळी कशासाठी व किती दिवस, एवढे विचारा. कमी करावयाची ती त्यांच्याच सल्ल्याने, टप्प्याटप्प्याने.

ब्रिटनमधील त्या २०१९ च्या अभ्यासात आणखी एक आकडा आहे. संबंध खरोखर कारणाचा असल्यास, तेथील सुमारे १० टक्के स्मृतिभ्रंश या औषधांशी निगडित असेल. ‘असल्यास’ या शब्दावर सारा भार आहे. समजा, तो कार्यकारणभाव खरा असण्याची शक्यता आपण केवळ एक-तृतीयांश धरली. पर्यायी औषध तेवढेच परिणामकारक व स्वस्त असेल, जसे अ‍ॅलर्जीच्या बाबतीत सेटिरिझिन वा लोराटाडिन, तर वाट पाहण्यात शहाणपण नाही. पर्याय महाग असेल, जसे मूत्राशयाच्या तक्रारीत मिराबेग्रॉन, तर जनऔषधी केंद्रात त्याची किंमत किती असावी आणि फरक कोणी सोसावा, हे गणित मांडावे लागेल. फळ्यावर आता तेच मांडू. अपेक्षित लाभाची पहिली ओळ आपल्यापैकी कोणी सुचवावी.